उसना घसा

लेफ्टनंट बुद्धभूषण सोनुले याचं पत्र आलं तेव्हा नुकतीच घटस्थापना होऊन गेली होती. आता दिवाळी तोंडावर आली, तरी भाऊसो चौगल्यांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र त्यांनी वाचनालयात ठेवलेल्या आपल्या मोठ्या शब्दकोशात घालून ठेवलं होतं. उंबरवाडीत शब्दकोश उघडणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं ती जागा कपाटापेक्षा सुरक्षित.

पत्र लहानच होतं. ‘काका, सप्रेम जय भीम, नमस्कार. पुराच्या दिवशी मी तुमच्या गावात जे केलं त्याबद्दल माझ्याविरुद्ध तक्रार गेली आहे आणि चौकशी चालू आहे. तक्रारीत दोन गोष्टी आहेत. माणसं ताटकळत असताना मी लष्कराची बोट म्हशींसाठी वापरली, ही एक. एका प्रतिष्ठित नागरिकाला पाण्यात ढकलून देण्याची धमकी दिली, ही दुसरी. पहिली गोष्ट मी केली. दुसरीही माझीच, असं मी जबाबात लिहून दिलं आहे. तिची तुम्ही काळजी करू नका. तुम्ही जे पाहिलंत तेवढं लिहून पाठवलंत तर बरं होईल. माझी बाजू घ्या असं मी म्हणत नाही. दिवाळीनंतर चौकशी संपेल.’

दुसरीही माझीच. भाऊसोंचं घोडं अडलं होतं ते या दोन शब्दांवर. कारण ती धमकी त्या पोरानं दिलीच नव्हती. ती भाऊसोंनी दिली होती. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या मनानं, सगळ्या गावादेखत.

आता हे कुणाला सांगितलं तरी खरं वाटणार नाही. वाचनालयातल्या ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून उभा जन्म काढलेला हा माणूस. गावात ती पाटी पाळली असेल तर ती एकट्या त्यांनीच. बायको होती तोवर म्हणायची, “दूधवाल्याला हाक मारायची तर बी मलाच बाहेर यावं लागतंय.” ग्रामसभेत त्यांनी कधी हात वर केला नाही. एसटीत कंडक्टर सुटे पैसे द्यायला विसरला तर ते मागायचंही धाडस नाही. पुस्तकातल्या शूर माणसांवर जीव, आणि स्वतः मात्र दार वाजलं तरी दचकणारे.

उत्तर लिहायला ते बसत नव्हते असं नाही. बसत, मायना लिहीत आणि कागद चुरगळत. आपण कोण लिहिणारे? आपल्या लिहिण्यानं त्याचं भलं होण्याऐवजी आणखी वाटोळं झालं तर? त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलंय ते आपण काढून घेतलं, तर साहेब लोक म्हणतील, हा मुलगा जबाबातही खोटं बोलला. आणि या सगळ्या विचारांच्या तळाशी, नदीच्या डोहातल्या गाळासारखी, एक साधी भीती होती. तक्रार करणारा प्रतिष्ठित नागरिक म्हणजे सम्राट इंगवले. तोच वाचनालयाचा अध्यक्ष. वाचनालयाची किल्ली भाऊसोंच्या कमरेला होती ती त्याच्या मर्जीनं. किल्ली गेली, तर दिवसभर भाऊसोंनी जायचं कुठं?

पण मुळात हे सगळं सुरू झालं ते एका रेघेपासून.

पाच सालच्या महापुरानंतर वाचनालयाच्या भिंतीवर भाऊसोंनी तांबड्या ऑइलपेंटनं एक रेघ मारली होती आणि शेजारी ‘पूर २००५’ असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. खरं तर तेव्हा भिंतीवर चिखलाचे डाग दोन होते, एक खाली, एक वर. पाणी नेमकं कुठवर आलं होतं याची भाऊसोंनाच खात्री नव्हती. म्हणून त्यांनी रेघ मारली ती दोन्हींच्या मधोमध. पुढं गावानं त्या रेघेला देवत्वच दिलं. दर पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की माणसं वाचनालयापाशी येऊन रेघ बघून जात. बाया नदीची ओटी भरायला निघत, तेव्हा जाता जाता रेघेलाही हळदकुंकू लावत. रेघेच्या वर पाणी जायचं नाही, ही उंबरवाडीची श्रद्धा.

एकोणीस सालच्या ऑगस्टमध्ये पाणी चढलं, तेव्हाही गाव रेघ बघत बसलं. प्रशासनाचे निरोप आले, दवंडी झाली, शेजारची गावं उठून गेली. उंबरवाडी हलली नाही. खालच्या आळीतली माणसं फक्त सामान घेऊन वरच्या आळीत आली. वाचनालय आणि मारुतीचं देऊळ उंचावर, त्यामुळं सगळी गर्दी तिथं. रस्ता बुडाला, वीज गेली, उसाचे शेंडे दिसायचे बंद झाले, तरी रेघ अजून दोन वितीवर होती.

अशा वेळी लष्कराच्या बोटी आल्या. पुढच्या बोटीतून जो उतरला तो जेमतेम पंचविशीचा, काटकुळा, ओठ फुटलेला, खांद्यावर दोन तारे. त्यानं तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. नुसती हवा.

“कुठलं पावणं?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“गारगोटीचा,” तो खरखरला.

“कुणाचं?”

“सोनुल्यांचा.”

विचारणारा एवढ्यावर गप्प झाला. पाणी गुडघ्याला आलेलं असताना माणसाला हे विचारावंसं वाटतं, याची भाऊसोंना लाज वाटली. पुस्तकांचे खालचे कप्पे वरच्या मजल्यावर नेऊन नेऊन ते पायरीवर जरा टेकले होते.

तो पोरगा पायऱ्या चढून नेमका त्यांच्यापाशी आला. “काका, तीन दिस वरडतोय, घसा गेला. भोंगा काल पाण्यात पडला. माझ्या जवानांस्नी मराठी येत न्हाय. मी कानात सांगतो, तुम्ही वरडा.”

“मी?” भाऊसोंनी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणतोय की काय म्हणून.

“तुम्हीच. तुम्ही पुस्तकवालं दिसता. तुमचं ऐकतील.”

माणूस ओळखण्यात एवढी मोठी चूक क्वचित कुणी केली असेल. भाऊसो उभे राहिले. लेफ्टनंट कानाशी लागला आणि भाऊसोंनी पहिला हुकूम दिला, तो इतक्या हळू की पुढच्या पायरीवरच्या म्हातारीलाही ऐकू गेला नाही.

“काका, हे सांगताय का देवाला नवस बोलताय?” पोरगा म्हणाला.

भाऊसोंनी घसा खाकरला. “ऐका हो... धरणाचे दरवाजे उघडलेत. सांजपर्यंत पाणी आणखी वाढणार. सगळ्यांनी बोटीत बसायचं. लेकुरवाळ्या आणि म्हातारी माणसं आधी.”

गर्दीतून हशा आला. “रेघ बघा की वो पावणं! रेघ बुडाल्याबिगर उंबरवाडी हालत न्हाय!”

“पाच सालला बी असंच भ्या घाटलंवतं!”

लेफ्टनंटनं रेघेकडं पाहिलं. कुंकवानं ती अर्धी झाकली होती. मग त्यानं भाऊसोंकडं पाहिलं. “ही रेघ कुणी मारली?”

भाऊसो घाम पुसत म्हणाले, “मी.”

“बरोबर हाय?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी मान हलवली. नाही.

“मग सांगा की.”

पोरगा दुसरं काही बोलला नाही. त्यानं हुकूम कानात सांगितला नाही, पढवलं नाही. नुसता वाट बघत उभा राहिला. आणि भाऊसोंच्या छातीत, जिथं नेहमी शब्द येऊन परत फिरायचे, तिथून या वेळी शब्द परत फिरले नाहीत.

“ती रेघ मी मारलीय!” ते ओरडले. “देवानं न्हाय मारली! डाग दोन होते! मला कळंना कुठला खरा, म्हणून मधोमध मारली! माझी रेघ खोटी हाय!”

पाण्याचा चुळुकचुळुक आवाज तेवढा. मग खालच्या आळीतली आक्का कपाळावर हात मारून म्हणाली, “आगं बया! भाऊसोला आवाज हाय!”

आणि गर्दी फुटली. अर्ध्या घटकेपूर्वी हलायला तयार नसलेलं गाव एकाच वेळी बोटींकडं धावलं. बाया, पोरं, गाठोडी, पेट्या, कुणाच्या बगलेत कोंबडी, कुणाच्या डोक्यावर गॅसची शेगडी. पहिली बोट एका अंगाला कलली. जवान “पीछे, पीछे” करत होते. लेफ्टनंट पाण्यात उतरला, कलत्या बोटीला खांदा लावून उभा राहिला आणि तिथून त्यानं भाऊसोंना खुणावलं.

या खुणा भाऊसोंना कशा कळत गेल्या, ते त्यांनाच माहीत नाही. हात असा केला की बसा, तसा केला की थांबा. “पेट्या टाका! पेटीला पवता येत न्हाय!” “हौसाबाई, नातवाला कडेवर घे, हात धरून न्हाई!” “पैलवान, तुम्ही शेवटी! तुमच्याएवढ्या जागेत तिघं बसत्यात!” लोक हसलेही आणि ऐकायलाही लागले. रांग लागली. कधी नव्हे ती उंबरवाडीत रांग लागली. पलीकडं माळावर ट्रक उभे होते. बोटी तिथवर जाऊन रिकाम्या परत येऊ लागल्या.

दुपार कलायच्या सुमारास रांग आटली आणि खरा पेच उघडा पडला. खालच्या आळीतली गवळ्यांची घरं बोटीत चढलीच नव्हती. देवळाच्या मागच्या आवारात कमरेएवढ्या पाण्यात म्हशी बांधून माणसं दावी धरून उभी होती. सगळ्यांत पुढं आक्का.

“आक्का, चल,” भाऊसो म्हणाले.

“मी येतो की. माझ्या चंद्रीला बी घ्या.”

“जनावरं घेता येत नाहीत.”

“मग मी बी न्हाय. नवरा गेला तवा हिच्या दुधावर लेकरं जगवली. हिला दाव्याला बांधून बुडू दिऊ आणि मी माळावर जाऊन खिचडी खाऊ?”

“दावी सोडून दे. म्हशी पोहतात.”

“पवत्यात, पर कुठं? ह्या पाण्यात माळ कंच्या अंगाला, नदी कंच्या अंगाला, त्यांस्नी काय ठावं? नदीकडं गेल्या तर थेट नरसोबाच्या वाडीला लागतील.”

वायरलेसवर कुणी साहेब बोलत होता. लेफ्टनंटनं ऐकलं, “यस सर” म्हटलं आणि खोका हवालदाराकडं दिला. मग भाऊसोंना म्हणाला, “हुकूम आलाय. फक्त माणसं. जे येत न्हाईत त्यांस्नी सोडून फुडल्या गावाला निघा. काका, तुम्ही गेला असता?”

भाऊसोंनी उत्तर दिलं नाही. अशा प्रश्नांची उत्तरं त्यांनी फक्त वाचली होती.

पोरगा आक्कापुढं जाऊन उभा राहिला. “मावशी, माझ्या बोटीमागं येतील का म्हशी?”

आता आक्काचं डोकं फिरलं. “तुझ्या बोटीमागं? आरं माझी चंद्री कुणाच्या बी मागं फिरणारी हाय व्हय? ती एका माझ्या गुंडूच्या फटफटीमागं जाती! दिवाळीच्या पाडव्याला येऊन बघ! आता घाल जा फटफटी पाण्यात!”

सगळी आळी हसली. भिजलेली, भ्यालेली माणसं, तरी हसली. हसला नाही तो एकटा लेफ्टनंट.

“फटफटी कुठाय?” त्यानं विचारलं.

कोल्हापूर भागात पाडव्याला म्हशी सजवून, शिंगं रंगवून पळवतात हे त्याला सांगायची गरज नव्हती. गारगोटीत त्यानं ते लहानपणापासून पाहिलं असणार. मालक पुढं फटफटीवर, सायलेन्सरची पुंगळी काढलेली, आवाज असा की कानाचे पडदे फाटावेत, आणि त्या आवाजामागं म्हैस चौखूर उधळत येते. दुसऱ्याच्या गाडीला ती ढुंकूनही विचारत नाही.

गुंडूची फटफटी देवळाच्या ओवरीत चढवून ठेवलेली होती. आठ-दहा जणांनी ती उचलून बोटीत घातली, दोरांनी चारी बाजूंनी आवळली. गुंडू वर बसला. लेफ्टनंट भाऊसोंच्या कानाशी आला आणि भाऊसो ओरडले, “बोटीचं इंजिन बंद! वल्ह्यांनी न्यायची! आवाज फक्त फटफटीचा!”

तेवढ्यात समोरून सम्राट इंगवले आला. मागं त्याचे कार्यकर्ते, आणि चौघांच्या खांद्यावर आडवा फ्रीज. त्याचं दुमजली घर देवळासमोरच; गच्चीवर छत्री धरून त्याची आई, बयाबाई, खुर्चीत बसली होती.

“ए साहेब!” सम्राट बोटीची कड धरून म्हणाला. “ही बोट मला पाहिजे. म्हशीला बोट आणि माझी आई पावसात? कोण तू? कुणाला विचारून करतोयस? तुझ्या वरच्याला माझा एक फोन पुरा हाय.”

लेफ्टनंट शांतपणे भाऊसोंना कुजबुजला, “त्यांना सांगा, पुढच्या फेरीत आईंना पहिली जागा. बोट सोडा म्हणावं.”

एवढंच. यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. भाऊसोंनी ते पोचवायला तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो फ्रीज आला. मग सम्राटची ती बोटीवरची बोटं, अंगठ्यांनी भरलेली. मग पायरीवर मघाशी ऐकलेलं ते ‘कुणाचं?’ सगळं एकदम घशाशी आलं.

“सम्राट, मागं हो!” त्यांचा आवाज देवळाच्या कळसावर आपटून परत आला. “आईच्या नावावर फ्रीज चढवतोयस! बोट सोड! न्हाय सोडलीस तर मी स्वतः तुला ह्या पाण्यात ढकलून दीन!”

आवाज दिवसभर लेफ्टनंटचा होता. लोकांनी हाही त्याचाच हुकूम धरला. गच्चीवरून बयाबाईचा हसण्याचा आवाज आला. “ढकल, ढकल! त्येला पवता येतंय!”

सम्राटनं बोट सोडली. गुंडूनं किक मारली.

पुढचं दृश्य ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. फटफटीचा आवाज पाण्यावरून असा फुटला की देवळावरचे कावळे उडाले. चंद्रीनं मान वर केली. आक्कानं दावं सोडलं आणि हाक दिली. म्हैस पाण्यात उतरली, नाकपुड्या वर, शिंगं पाठीला लागलेली, आणि बोटीमागं निघाली. तिच्यामागं दुसरी, तिसरी, मग सगळी खालची आळी. बोटीत दोरांनी आवळलेल्या फटफटीवर गुंडू ताठ बसून मूठ पिळत होता, जवान वल्ही मारत होते, आणि मागं काळ्या डोक्यांची रांग बुडालेल्या उसावरून माळाकडं सरकत होती. गवळी आळी एकाही माणसाला न ओढता, न रडता पुढच्या बोटींत जाऊन बसली.

परतीच्या पहिल्या फेरीत लेफ्टनंट स्वतः गच्चीवर गेला आणि बयाबाईचा हात धरून तिला खाली घेऊन आला. फ्रीज परत गच्चीच्या जिन्यात गेला. दिवस मावळायच्या आत पाणी रेघेवरून गेलं.

भाऊसो शेवटच्या बोटीत होते. माळावर उतरताना पोरगा त्यांच्याकडं बघून हसला आणि हातानं स्वतःच्या गळ्यावर थापटलं, जणू म्हणतोय, उसना घेतला होता, परत घ्या. मग त्याची तुकडी पुढच्या गावाला गेली.

पाणी ओसरलं, गाव परतलं, वाचनालयाच्या खालच्या मजल्यावरून चिखल निघाला. भाऊसोंचा आवाजही जणू पुराबरोबर ओसरला. ते परत दार वाजलं की दचकू लागले. तक्रारीबद्दल गावात कुजबुज होती, पण उघड बोलायला कुणी तयार नव्हतं. पुराचे पंचनामे सम्राटच्या शब्दावर हलत होते. ज्याची भिंत पडली त्यानं मूग गिळून बसावं हेच शहाणपण. आणि शब्दकोशातलं पत्र तसंच राहिलं.

पाडवा आला. त्या साली म्हशी निघणार नाहीत असं काहींचं म्हणणं होतं, पण गवळी आळी हट्टाला पेटली. जी वाचली ती मिरवायची नाही तर कधी मिरवायची? चंद्रीच्या शिंगांना मोरपंखी रंग, गळ्यात घुंगरू, अंगावर केस कातरून नक्षी. गुंडूची फटफटी पुंगळी काढून सज्ज. शाळेसमोर मांडव, आणि मांडवात बक्षीस द्यायला सम्राट इंगवले.

भाऊसोंना मांडवात बसायचं नव्हतं. पण बक्षिसांची यादी त्यांच्या सुवाच्य अक्षरात असल्यामुळं टेबलाच्या कडेला बसणं भाग होतं. चंद्री पहिली आली. आक्का नारळ घ्यायला पुढं झाली, तेव्हा सम्राटनं माइक हातात घेतला.

“बंधूभगिनींनो, ही म्हैस आज पळतीय ती कुणामुळं? पुराच्या वक्ताला आमच्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी जिवावर उदार होऊन गावची जनावरं वाचवली. लष्कराच्या काही बेजबाबदार अधिकाऱ्यांनी मात्र...”

“खोटं.”

शब्द हळूच निघाला होता, पण माइक जवळ होता. मांडव वळला. भाऊसोंनी खाली पाहिलं. आपणच उभे राहिलो आहोत हे त्यांना तेव्हा कळलं. आता बसायचं नाही, त्यांनी ठरवलं.

“भाऊसो, बसा,” सम्राट दात दाखवत म्हणाला. “वय झालं, विसर पडतोय.”

“मला सगळं आठवतंय. ज्या बोटीबद्दल तू तक्रार केलीस, त्याच बोटीमागं ही चंद्री पवत आली. आणि आता तिला नारळ देतोयस? तक्रार खरी का नारळ खरा, एक काय ते ठरव.”

कुणीतरी शीळ घातली. पुढच्या रांगेत पाहुणी म्हणून बसवलेली बयाबाई काठी टेकत म्हणाली, “आणि सम्राट, त्या कागदात माझं नाव घालताना मला इचारलंवतंस? मी म्हणं पावसात भिजलो. छत्री व्हती माझ्याकडं. त्या पोरानं माझा हात धरला. तू फ्रीज धरलावतास.”

मांडवात हसू फुटलं. सम्राटचा चेहरा काळवंडला, पण तो मागं हटणारा गडी नव्हता. माइक बाजूला धरून तो भाऊसोंपाशी वाकला. “तक्रार मी मागं घेत न्हाय. त्या पोरानं मला चारचौघांत धमकी दिली. आणि तुम्ही, वाचनालयाची किल्ली उद्या कार्यालयात जमा करा.”

“धमकी त्यानं न्हाय दिली,” भाऊसो म्हणाले. “मी दिली. तो बोलला ते एवढंच, की पुढच्या फेरीत आईंना पहिली जागा. बाकीचं माझं.”

सम्राटच्या हातातला माइक खाली आला. इतके दिवस ज्या अपमानाचं ओझं त्यानं लष्करावर टाकलं होतं, तो लायब्ररीतल्या म्हाताऱ्यानं केला होता, हे त्याला पचेना.

भाऊसोंनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावरच्या नारळांत ठेवली. “आणि उद्या कशाला? आत्ताच घे. शब्दकोश तेवढा माझा हाय, तो घेऊन जातो.”

मांडवाबाहेर गुंडूनं फटफटीची मूठ पिळली. सलामी होती का आणि काही, कोण जाणे. कान बधिर झाले.

घरी येऊन त्यांनी लिहायला घेतलं आणि या वेळी कागद चुरगळला नाही. ‘चि. बुद्धभूषण यास,’ असा मायना लिहिला, मग वाटलं की हे चौकशीच्या साहेबांनाही वाचायचं आहे. तरी खोडलं नाही. साहेबांनाही कळू दे.

‘तू मागितलंस म्हणून नव्हे, मला लिहायचं आहे म्हणून लिहितो. बोट म्हशींसाठी वापरली हे खरं आहे. त्या फेरीपुरती काही माणसं थांबली, त्यांत ७८ वर्षांची एक बाई होती, हेही खरं आहे. ती बाई हसत होती. त्या फेरीशिवाय गवळी आळी हलली नसती आणि संध्याकाळी पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं असतं. हुकूम काय होता ते मला माहीत आहे, कारण तू तो मला सांगितलास आणि विचारलंस की मी असतो तर निघून गेलो असतो का. तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देतो. मी गेलो असतो. हुकमाच्या आड लपून मी नक्की गेलो असतो. तू गेला नाहीस. अडाणी म्हणून सगळे जिला हसले, त्या बाईचा टोमणा तू हुकमासारखा ऐकलास.

‘धमकीचे शब्द माझे आहेत. तुझा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. ते तुझ्या नावावर ठेवू नकोस. आयुष्यात मी मोठ्यानं बोललो ते त्या एका दिवशी, आणि त्यातलं सर्वांत चांगलं वाक्य तू स्वतःच्या नावावर लावतोस, हे मला मान्य नाही. ते वाक्य मी परत मागतो. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती माझ्या पत्त्यावर पाठवावी. तीच परिस्थिती आली तर मी तेच म्हणेन, आणि त्या वेळी ढकलीनही. खाली माझी सही आणि आक्का, गुंडू व बयाबाई यांचे अंगठे व सह्या आहेत.’

बयाबाईनं अंगठा उठवताना विचारलं, “ह्यात ढकलायचं लिवलंय न्हवं?” “लिहिलंय,” भाऊसो म्हणाले. “मग हाण अंगठा,” म्हातारी हात पुढं करत म्हणाली.

दिवाळीची सुट्टी संपून टपाल कचेरी उघडली तशी भाऊसो सकाळच्या एसटीनं कोल्हापुरात गेले. कंडक्टर सुटे द्यायला विसरला. “दोन रुपये राहिलं,” भाऊसो म्हणाले. त्यानं दिले.

टपाल कचेरीत दिवाळीनंतरची गर्दी. खिडकीमागं मोना नावाची तरुण मुलगी. नावाची पाटी समोरच होती. पंखा, शिक्के, रांगेतला गलका.

“रजिस्टर करायचं आहे,” भाऊसो पाकीट सरकवत म्हणाले.

“कुणाला पाठवताय? अक्षर छान आहे हो काका, पण मी पावती टाइप करते, तोवर नाव सांगा.”

“लेफ्टनंट बुद्धभूषण सोनुले.”

“काय? ऐकू येईना झालंय. मोठ्यानं सांगा!”

भाऊसोंनी एकदा मागं वळून पाहिलं. रांगेत निदान वीस माणसं होती. मग ते खिडकीकडं वळले, छातीत श्वास भरला, आणि सगळी कचेरी दचकेल, शिक्का मारणाऱ्याचा हात हवेत थांबेल, अशा आवाजात म्हणाले,

“लेफ्टनंट बुद्धभूषण सोनुले! मुक्काम गारगोटीचा, आता लष्करात!”

रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं, “कोण हाय वो हे?”

“येऊन विचारा, सांगतो,” भाऊसो म्हणाले.

मोनानं हसू दाबत शिक्का उचलला आणि पाकिटावर दणकन हाणला.